साच्यातून उतरलेली भिंत

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत सळई तयार होते आणि मराठवाड्यातल्या गावोगावच्या स्लॅबमध्ये जाऊन बसते. या सळईनं माळवदाचं घर संपवलं, हे सगळेच सांगतात. तिनं भिंतीवरचं चित्रही बदललं, याकडे मात्र फारसं कुणी पाहत नाही. मोकळ्या हाताचं चित्र मागे पडलं आणि साचा आला, त्याचं एक मोठं कारण मला या सळईत दिसतं.

माळवदाच्या घराची भिंत मातीची. घटस्थापनेच्या आधी दसरा काढायचा, म्हणजे भांडीकुंडी, अंथरुणं-पांघरुणं सगळं धुऊन काढायचं आणि पांढरी माती कालवून भिंती पोतारायच्या. खाली गेरूचा पट्टा. त्या भिंतीवर दिवाळीत लक्ष्मीची पावलं उमटत, लग्न निघालं तर दाराच्या दोन्ही अंगांना गणपती आणि केळीचे खांब येत, श्रावणात नागोबा येई. पुढच्या दसऱ्याला सगळं मातीखाली. वर्षभराचंच आयुष्य असल्यामुळे नागाचा फणा वाकडा झाला तरी कुणाची झोप उडत नसे. काढणारीचा हात बिनधास्त चाले. आज आपण त्या रेषांना ‘लोककलेतला सहजपणा’ वगैरे म्हणतो; त्या सहजपणात पुढच्या वर्षीच्या पोताऱ्याचा वाटा मोठा होता, असं मला वाटतं.

उलट टोकाचं उदाहरण शेजारच्या जिल्ह्यात आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्याच्या छतावर एका वर्तुळात हंसांची रांग आहे. नक्षी म्हणून पाहिलं तर एकच हंस पुन्हा पुन्हा, पण नीट बघा, प्रत्येकाची मान वेगळी वळलेली. साचा वापरला असता तर काम कितीतरी लवकर उरकलं असतं. पण तिथं राजाश्रय होता, कसबी हात होते आणि घाई नव्हती. आपल्या बैठकीच्या खोलीला यातलं काहीच लाभत नाही.

सळईच्या स्लॅबबरोबर सिमेंटचा गिलावा आला, त्यावर डिस्टेंपर आलं आणि भिंतीचा हिशेबच बदलला. एकदा दिलेला रंग पाच-सात वर्षं तसाच राहणार. मग वाकडी रेघही तितकीच वर्षं डोळ्यांत खुपणार. शिवाय गुळगुळीत भिंतीवर चूक लपत नाही. अशा भिंतीला नेमकेपणा लागतो आणि तो चित्र न येणाऱ्या माणसालाही देणारी वस्तू म्हणजे स्टेन्सिल. पत्र्यात, पुठ्ठ्यात किंवा धुऊन साफ केलेल्या जुन्या एक्स-रे फिल्मवर कोरलेली वेलबुट्टी भिंतीला लावायची आणि ब्रशनं रंग टिपायचा.

ही वस्तू जालन्याला परकी नव्हती. घरात नसली तरी बाजारात होती. १९०० मध्ये मनमाड-हैदराबाद रेल्वेमार्ग सुरू झाला आणि जालन्याचा कापूस गाठी बांधून मुंबईच्या दिशेनं जाऊ लागला. गाठीवर खूण हवीच. ब्रिटिश हद्दीत तर १९२५च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्यानं प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि क्रमांक बंधनकारक केला. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात, पण व्यापाराची रीत कुंपण जुमानत नाही. पत्र्याची अक्षरं, काळा रंग, दोन फटकारे, की गाठ ओळखता येते. बियाण्यांच्या आणि धान्याच्या पोत्यांवरही हेच. मोंढ्यात पत्रा ज्या युक्तीनं मालकाचं नाव उमटवतो, त्याच युक्तीनं घरात कमळाची वेल उमटते.

पोत्यावरची अक्षरं कधी थांबून पाहा. ‘व’ किंवा ‘ब’ कोरायचा तर अक्षरातल्या गोलाच्या आतला तुकडा खाली पडतो, आणि उरतो नुसता ठिपका. म्हणून आतला तुकडा बाहेरच्या पत्र्याला बारीक पट्टीनं जोडून ठेवावा लागतो. छापल्यावर तिथं फट दिसते. फुलाच्या नक्षीतही तेच: पाकळी आणि देठ यांच्यामध्ये रिकामी जागा. जपानमधल्या इसे परगण्यातल्या कारागिरांनी कापड छापण्याच्या कागदी साच्यांत ही अडचण रेशमाच्या तंतूंनी सोडवली. तंतू इतके बारीक की छापात दिसत नाहीत. मथुरा-वृंदावनची सांझी मात्र कागद कातरतानाच या जोडांची नक्षी करून टाकते. मला सांझीची वाट पटते. फट लपवायला गेलं की ती केविलवाणी दिसते.

स्टेन्सिल आणि ठसा यांत गल्लत नको. पोळ्याला पेल्याचा काठ गेरूत बुडवून बैलाच्या अंगावर गोल उमटवतात, गृहप्रवेशाला हळदीचा हात भिंतीवर उमटवतात, हे ठसे. इंडोनेशियात सुलावेसी बेटावर लिआंग तिंपुसेंग नावाच्या गुहेत खडकावर हात ठेवून त्याभोवती रंग फुंकला आहे, तो किमान ३९,९०० वर्षांपूर्वीचा. ते मात्र स्टेन्सिल; तिथं साचा म्हणजे हातच.

घरी करायचं तर कोरण्यापेक्षा मापाचं काम अवघड. भिंत १० फूट, म्हणजे १२० इंच, आणि नक्षी ९ इंचांची. १३ वेळा बसते आणि ३ इंच उरतात. नवखा माणूस एका कोपऱ्यातून सुरू करतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात अर्धं फूल चिरडतो. त्याऐवजी ते ३ इंच सगळ्या जोडांत वाटून टाकावेत. प्रत्येक जोडात पाव इंचाचा फरक पडतो आणि तो कुणालाही दिसत नाही. पट्टा सरळ यावा म्हणून निळीची दोरी दोन टोकांना ताणून झटका द्यायचा, की भिंतीवर रेघ उमटते. छताच्या कडेवर विसंबू नये, ती क्वचितच सरळ असते. ब्रश जवळजवळ कोरडा हवा. रंग पातळ झाला की साच्याखाली शिरतो आणि कड फुटते. रंग ओढायचा नाही, कडेकडून आत ठोकत जायचा.

आता प्लॅस्टिकचे तयार साचे मिळतात. त्यांत मोरोक्कोची जाळी असते, फांदीवर बसलेले पक्षी असतात. नागोबा शोधूनही सापडत नाही. वाईट इतकंच की आपल्याकडे साच्याला साजेशी नक्षी भरपूर आहे. पोळ्याचे गोल, लक्ष्मीची पावलं, ठिपक्यांची रांगोळी: हे सगळं मुळातच पुन्हा पुन्हा येणारं. ठिपक्यांच्या रांगोळीत अंतरं आधीच मोजलेली असतात, आणि ठिपके सुटे असल्यामुळे त्यांच्यापुरती तरी आतला तुकडा खाली पडायची भीती नाही; ती फक्त रेषांना. जुनी एक्स-रे फिल्म, धारदार कटर आणि आजीनं वहीत काढून ठेवलेली ११ ते ६ ठिपक्यांची एखादी रांगोळी, इतकं सामान पुरतं. ठिपके आधी कोरावेत, रेषा नंतर, आणि प्रत्येक वळणावर एक जोड सोडावा.