आठ दिवसांत गुण देणारी ट्यूब

एम्स आणि सफदरजंग ही दिल्लीतली दोन मोठी सरकारी रुग्णालयं एकमेकांसमोर उभी आहेत आणि केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचं लक्ष्मीबाई नगर तिथून जवळच आहे. त्वचेचा डॉक्टर गाठायला याहून सोयीची जागा देशात क्वचितच सापडेल. तरीही वांग, मुरूम किंवा नायटा झाला की माणूस आधी औषधाच्या दुकानात नाहीतर पार्लरमध्ये जातो, मग तो लक्ष्मीबाई नगरातला असो की अकोल्यातला. याला नुसतं अज्ञान म्हणून चालणार नाही. तिथे मिळालेल्या क्रीमचा गुण खरंच येतो, आणि तोही आठवड्याभरात. त्वचेच्या बाबतीत हा झटपट गुणच सर्वांत फसवा पुरावा असतो.

या ट्यूबमध्ये बहुधा बेटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल यांपैकी एखादं स्टेरॉइड असतं. स्टेरॉइड त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या आकसवतं, त्यामुळे लाली उतरते आणि जागा फिकी पडते. १९६२ साली मॅकेन्झी आणि स्टॉटन या संशोधकांनी स्टेरॉइडची ताकद मोजायची पद्धत याच फिकेपणावर बसवली: औषध लावलेली जागा जितकी पांढुरकी, तितकं औषध जोरकस. आरशासमोर जो उजळपणा म्हणून मिरवतो, तो प्रयोगशाळेत औषधाच्या जोराचा आकडा असतो. त्वचा निरोगी झाल्याची ती खूण नव्हे.

पुढचं दृश्य त्वचाविभागाच्या ओपीडीत दिसतं. जाणता डॉक्टर ‘काय होतंय’ याच्या जोडीला ‘काय काय लावलंत’ हेही विचारतो आणि घरातल्या सगळ्या ट्यूबा आणायला सांगतो. गालाची त्वचा बोटांनी ताणून उजेडात पाहिली की कातडी पातळ, चकचकीत झालेली दिसते, तिच्याखाली लाल धाग्यांसारख्या रक्तवाहिन्यांचं जाळं दिसतं, हनुवटीवर लव वाढलेली असते. नायट्याचं आणखी वेगळं. स्टेरॉइडने खाज थांबते, बुरशी मात्र निवांत पसरत राहते आणि नायट्याची ओळखीची कडाच पुसट होते, इतकी की पुढच्या डॉक्टरलाही निदान चुकायची भीती. क्रीम थांबवावी तर चेहरा लाल होतो, भाजल्यासारखा जळतो, आणि माणूस म्हणतो, ‘बघा, क्रीमच बरी होती.’ पुन्हा ट्यूब, पुन्हा तेच चक्र. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या चेहऱ्याला वेगळं नाव द्यावं, इतका तो नेहमीचा झाला आहे.

पार्लरमधल्या बिनलेबलच्या डबीत याहून वाईट काही असू शकतं, ते म्हणजे पारा. पारा मेलॅनिन तयार होण्याची क्रिया रोखतो, म्हणून तो रंग उजळवतो. पण त्वचेतून शिरून मूत्रपिंडापर्यंत पोचतो. २०२३च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एका तरुणीची, तिच्या आईची आणि बहिणीची मूत्रपिंडं बिघडल्याचं प्रकरण मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या तपासणीतून पुढे आलं. संशयाची सुई ब्युटिशियनकडून घेतलेल्या क्रीमवर होती. केरळमधल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे १५ रुग्ण पाहिले, त्यांतले १३ जण गोरेपणाची क्रीम लावत होते.

यावर पहिला आक्षेप: स्टेरॉइड इतकं वाईट, तर डॉक्टर ते लिहून का देतात? कारण इसब किंवा सोरायसिसवर ते उत्तम औषध आहे. ठरलेल्या जागी, ठरलेल्या मुदतीत. १९७५ साली त्वचारोगतज्ज्ञ क्लिगमन यांनी वांगासाठी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन आणि स्टेरॉइड यांचं मिश्रण सुचवलं, ते उपचार म्हणून. आपण ते रोजची फेस क्रीम करून टाकलं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सरकारी ओपीडीत रांग, खासगीत फी, आणि कॉस्मेटिक क्लिनिकवाले डॉक्टरच पील आणि लेझरची पॅकेजं विकतात, मग पार्लरला दोष कशाला? पॅकेजांबद्दलची तक्रार मला मान्य आहे. सावळ्या त्वचेवर वांगासाठी चुकीच्या हाताने लेझर मारला तर डाग आणखी गडद होऊ शकतो, हे न सांगता पैसे घेणारा डॉक्टर पार्लरवाल्यापेक्षा जास्त दोषी, कारण त्याला ते ठाऊक असतं. पण म्हणून ट्यूब निर्दोष ठरत नाही. वांगाचा खरा उपचार कंटाळवाणा आहे: रोज पुरेसं सनस्क्रीन, उन्हापासून आडोसा आणि महिनोन्‌महिने धीर. त्याची जाहिरात कोण करणार?

२०१८ साली केंद्राने १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. कायदा आहे, पण काउंटरवर तो आपोआप लागू होत नाही. म्हणून ट्यूब विकत घेण्याआधी मागची बारीक अक्षरं वाचा. ‘सोन’ किंवा ‘सोल’ने संपणारं नाव किंवा लाल पट्टी दिसली तर चिठ्ठीशिवाय ती चेहऱ्याला लावू नका. महिनोन्‌महिने लावतच असाल तर एकदम बंदही करू नका. ट्यूब सोबत घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि ती कशी सोडायची ते विचारा.