रंगाआधीची भिंत

आंबागडच्या किल्ल्याखालच्या या मुलखात मातीची भिंत सारवून, वर पोतारा देऊन गुळगुळीत करीत. सिमेंटच्या भिंतीला पुट्टी लागते, आणि घाई तिला मुळीच सोसत नाही. गिलाव्यावर निदान ७ दिवस पाणी मारा, मग महिनाभर सुकू द्या. ओलीवर लावलेली पुट्टी पोपडे धरते. धानपट्ट्यातल्या पावसाळ्यात भिंत लवकर सुकत नाही, म्हणून हे काम दिवाळीनंतरच काढावे. पुट्टीचे पातळ २ हात पुरेत. दोन्ही मिळून जाडी दीड मिलिमीटरच्या आत. जिप्सम बोर्ड असेल तर सांध्यांवर आधी कागदी टेप. घासून झाल्यावर रात्री बॅटरीचा उजेड भिंतीलगत तिरपा टाका, दिवसा लपलेला उंचवटा सावली पाडतो. धूळ पुसल्याशिवाय प्रायमर लावू नका.