माळढोकाचा माळ कोणाचा?

एक मीटर उंच, नराचं वजन पंधरा किलोपर्यंत, आणि घरटं? तेच नाही. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवरच बहुधा एकच अंडं घालते. त्यावर गुराचा पाय पडला की तो हंगाम वाया.

या पक्ष्यासाठी १९७९ मध्ये सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत अभयारण्य जाहीर झालं, सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं! त्यात कर्जत, श्रीगोंद्याची शेतंच काय, अख्खी गावंही आली. जमिनीचे व्यवहार अडले आणि माळढोक म्हणजे सातबाऱ्यावरचं संकट, असं शेतकऱ्याला वाटू लागलं. त्याची चूक होती असं म्हणवत नाही. पुढे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. तोवर मनं दुरावली होती.

अहमदनगर जिल्ह्यातल्याच पारनेर तालुक्यात, राळेगणसिद्धीत, उलट घडलं. १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकारानं गावानं चराईबंदी, कुऱ्हाडबंदी स्वतःवर लादून घेतली. हेतू पाणी आणि चारा हा होता, पक्षी नव्हे. पण मोकाट चराई थांबली की गवत वाढतं, आणि माळढोकाला हवा असतो तो नेमका असाच गवताळ माळ.

मात्र गवत राखून आता भागणार नाही. माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही, त्यामुळे तो विजेच्या तारांवर आदळतो. जगात जेमतेम दीडशे उरलेत, बहुतेक राजस्थानात. २०१९ पासून जैसलमेरजवळ अंडी उबवून पिल्लं वाढवली जात आहेत. ती उद्या सोलापूरच्या अभयारण्यातल्या नान्नजला सोडायची ठरलीच, तर आधी बोलावं लागेल ते तिथल्या मेंढपाळांशी.