भटारखान्यातला हीरो

‘ती काय, स्वयंपाकच तर करते!’ हे वाक्य आपल्यापैकी कुणी ऐकलेलं नाही? म्हणूनच असेल, मारामारीच्या इंग्रजी सिनेमांतला १९९२ चा ‘अंडर सीज’ मला भारी आवडतो. बँडवाले, वाढपी बनून आलेले गुंड ‘मिसूरी’ ही अमेरिकी युद्धनौका बळकावतात. भटारखान्यातला केसी रायबॅक त्यांच्या खिजगणतीतही नसतो. आणि हाच बाबा (स्टीव्हन सीगल) मायक्रोवेव्हमध्ये बॉम्ब ‘शिजवून’ त्यांची दाणादाण उडवतो!

टाळ्या वाजवाव्याशा वाटतात, पण एक गोष्ट खटकते. हा स्वयंपाकी मुळात नौदलाचा कमांडो निघतो. म्हणजे नुसता स्वयंपाकी हीरो म्हणून चालत नाही! आणि नायिका? ती केकमधून नाचत बाहेर येते.

खरी गोष्ट मात्र सिनेमाहून सरस आहे. डोरिस मिलर हा कृष्णवर्णीय तरुण ‘वेस्ट व्हर्जिनिया’ युद्धनौकेवर जेवणखाण्याच्या विभागात होता. त्याच्या वर्णाच्या माणसांना नौदलात तेव्हा बहुतेक हीच कामं मिळत. ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर हल्ला झाला, तेव्हा तो धुवायचे कपडे गोळा करत होता. त्यानं जखमींना हलवलं आणि कुणी कधीच न शिकवलेली मशीनगन चालवली. १९४२ मध्ये ‘नेव्ही क्रॉस’ पदक मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय अमेरिकी ठरला.

१९४३ मध्ये दुसऱ्या एका युद्धनौकेवर त्याला मृत्यू आला, तेव्हाही त्याचा हुद्दा स्वयंपाक्याचाच होता. मैत्रिणींनो, हीरो व्हायला त्याला आधी कमांडो असावं लागलं नाही!