कांद्याची साल आणि एचआयव्ही

कांदा चिरताना आपण वरची तांबूस साल फेकून देतो. त्या सालीत आणि तिच्या लगतच्या पापुद्र्यांत क्वेर्सेटिन नावाचं द्रव्य भरपूर असतं. फ्लॅव्होनॉइड या मोठ्या कुळातलं हे एक. चहात, सफरचंदात, संत्र्यातही याचे भाऊबंद आहेत.

आता एचआयव्हीकडे वळू. या विषाणूजवळ तीन महत्त्वाची विकरं, म्हणजे एन्झाइम्स, आहेत. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज त्याच्या आरएनएवरून डीएनए लिहितं. एरवी पेशीत डीएनएवरून आरएनए लिहिला जातो. इथे कारभार उलटा. (उर्दू आणि मराठी, दोन्ही दिशांनी लिहिणाऱ्या माझ्यासारख्या बी.ए.ला हे चटकन उमगलं!) इंटिग्रेज तो मजकूर माणसाच्या डीएनएत चिकटवतं. प्रोटिएज लांब प्रथिनं कापून नव्या विषाणूचे सुटे भाग तयार करतं.

१९८९-९०मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं, की क्वेर्सेटिन आणि चिनी औषधी मुळीतलं बायकॅलीन पहिल्या विकराला रोखतात. १९९३मध्ये अमेरिकेत इंटिग्रेजवरही क्वेर्सेटिनचा असाच परिणाम दिसला. मग औषध का झालं नाही? कारण हे सारं परीक्षानळीतलं. क्वेर्सेटिन आपल्या पेशींतल्या विकरांनाही अडवतं. त्याला आपलं-परकं कळत नाही. शिवाय पोटात गेल्यावर ते थोडंच शोषलं जातं, आणि आतडं व यकृत त्याचं रूप पालटून टाकतात. आजवर एकही फ्लॅव्होनॉइड एचआयव्हीवरचं औषध म्हणून मान्य झालेलं नाही.

हे इतकं स्पष्ट सांगायला कारण आहे. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी कुणाच्या तरी काढ्यावर भरवसा ठेवून एआरटीच्या गोळ्या बंद केल्या. गोळ्या थांबल्या, की दबलेला विषाणू पुन्हा वाढतो. त्यांचंही तेच झालं. एप्रिल २००४पासून सरकारी केंद्रांवर या गोळ्या मोफत मिळू लागल्या आहेत. हा माणूस मात्र काढ्याला पैसे मोजत होता!

या कुळाच्या वाट्याला एक मान मात्र आला. दक्षिण अमेरिकेतल्या एका झाडाच्या रक्तासारख्या लाल चिकापासून क्रोफेलेमर हे औषध झालं. फ्लॅव्होनॉइडांचेच तुकडे जोडून त्याचा रेणू बनलेला असतो. २०१२च्या अखेरीस अमेरिकेत ते मान्य झालं, एचआयव्हीची औषधं घेणाऱ्यांच्या जुलाबांवर. विषाणूला ते हातही लावत नाही. आतड्यातून पाणी झिरपणं तेवढं थांबवतं.