केळीचें पान पिवळें पडल्यास प्रथम काय पाहावें ?

जळगांव जिल्ह्यांतील रावेर, यावल व चोपडा आणि धुळें जिल्ह्यांतील शिरपूर या तालुक्यांत अनेक बागाईतदारांचें वर्षाचें गणित केळीवर उभें असतें. म्हणून पान पिवळें दिसतांच औषध फवारण्याची घाई होते. परंतु पिवळेपणाचीं कारणें अनेक असून एकाचा उपाय दुसऱ्यास लागू पडत नाहीं. फवारणीपूर्वीं दोन गोष्टी पाहाव्या : पिवळें पान जुनें आहे कीं पोंग्यांतून नुकतें निघालेलें, आणि हंगाम कोणता.

पावसाळी दमट हवेंत खालच्या पानांवर शिरांना समांतर पिवळ्या रेघा उठून पुढें त्यांचे तपकिरी, मध्यें करडे ठिपके झाले, तर तो करपा होय. हा रोग बुरशीचा आहे. रोगट पानें कापून बागेबाहेर जाळावीं, जादा पिलें काढून हवा खेळती ठेवावी, पाणी सांचूं देऊं नये. येथें बुरशीनाशकाचा उपयोग होतो.

लागवडीनंतरच्या पहिल्या कांहीं महिन्यांत नव्या पानावर पिवळे पट्टे येऊन तें आकसलें व पोंगा सडूं लागला, तर हरण्या रोग समजावा. हा विषाणूपासून होतो व मावा तो पसरवितो. यावर औषध नाहीं. माव्यावर फवारणी केल्यानें रोगट झाड बरें होत नाहीं. तें मुळासकट उपटून जाळावें किंवा खोल पुरावें. एका झाडाचा लोभ धरल्यास शेजारच्या झाडांनीं त्याची किंमत भरावी लागते. काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची हीं पिकें केळींत घेऊं नयेत व तण राहूं देऊं नये. विषाणू त्यांवरही जगतो.

हिंवाळ्यांत पारा १२ अंशांखालीं उतरला कीं वाढ मंदावते, पानें फिकीं होऊन जवळजवळ येतात, घड खोडांत अडकतो. हा रोग नव्हे. रात्रीं विहिरीचें पाणी द्यावें, पहाटे धूर करावा, व पुढील सालासाठीं बागेभोंवतीं शेवरी लावावी.

जुनें पान सबंध एकसारखें फिकें असल्यास नत्राची, आणि कडेपासून पिवळें होऊन वाळत गेल्यास पालाशची उणीव संभवते; तेथें माती तपासून खत द्यावें.

आमचें सांगणें इतकेंच कीं, निदान आधीं व खर्च मागून. शंका राहिल्यास जळगांवच्या केळी संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा. मात्र हरण्याचें झाड दिसल्यास तें उपटण्यास एक दिवसही लावूं नये.