जुन्या संगणकाची मेमरी वाढवितांना

घरांतील दहा-पंधरा वर्षांचा संगणक मंद झाला, कीं कोणी तरी जाणता सांगतो, ‘नवा कशाला घेतां ? मेमरी वाढवा.’ सल्ला बहुधा योग्य असतो. परंतु पट्टी आणून बसविली आणि पडदा काळाच राहिला, म्हणजे घाईनें दोन निष्कर्ष काढले जातात : दुकानदारानें फसविलें, नाहीं तर यंत्र मेलें. पुष्कळ वेळां हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे ठरतात. पट्टी निर्दोष असते व यंत्रहि निर्दोष असतें. दोघांचें एकमेकांशीं जमत नाहीं, इतकेंच. तें कां जमत नाहीं हें शोधणें घरांतील कोणाहि धीराच्या माणसास शक्य आहे.

मेमरी म्हणजे कायमचा सांठा नव्हे. पत्रें, छायाचित्रें, हिशेब हें सारें हार्ड डिस्कवर राहतें. मेमरी ही काम चालू असतां पुढ्यांत मांडलेल्या चौरंगासारखी आहे. चौरंग लहान पडला, म्हणजे प्रत्येक वस्तु कपाटांतून काढावी व परत ठेवावी लागते, आणि यंत्र रेंगाळतें. मेमरीच्या चिपेंत विद्युद्भार सांठविणाऱ्या कोट्यवधि सूक्ष्म कोठड्या असतात. हा भार सारखा गळत असल्यामुळें एका सेकंदांत अनेक वेळां पुन्हां भरावा लागतो. या रचनेची कल्पना आय. बी. एम. कंपनींतील रॉबर्ट डेनार्ड यांस १९६६ सालीं सुचली.

पट्टीची जात प्रथम पाहावी. डीडीआर-२ व डीडीआर-३ या दोन्ही जातींच्या पट्ट्यांस २४० सोनेरी टोंकें असतात व लांबीहि सारखीच असते. पण पहिलीस १.८ व्होल्ट लागतात, दुसरीस १.५. चुकीची पट्टी बसूं नये म्हणूनच दोहोंची खाच निरनिराळ्या जागीं ठेवलेली आहे. खाच जुळत नसतां जोर करणें म्हणजे पट्टी व मदरबोर्ड दोन्ही गमावणें होय.

खरी अडचण येते ती जात जुळूनहि काम न झाल्यास. याचें उत्तम उदाहरण म्हणजे इंटेलच्या जी-४१ चिपसेटचे मदरबोर्ड. २०१० सालच्या सुमारास घेतलेल्या अनेक घरगुती यंत्रांत ते आहेत. बोर्डास दोन स्लॉट, प्रत्येकांत ४ जीबी, म्हणजे एकूण ८ जीबी चालतात असें माहितीपुस्तकांत लिहिलेलें असतें, व तें खरें असतें. तरीहि दुकानांतून आणलेली ४ जीबीची नवी डीडीआर-३ पट्टी लावतांच यंत्र उठत नाहीं, किंवा तिची मेमरी निम्मीच दिसते.

याचें कारण पत्त्यांत आहे. पट्टीवरील प्रत्येक चिपेंत कोठड्यांच्या ओळी असतात आणि प्रत्येक ओळीस क्रमांक असतो. २ गिगाबिटच्या चिपेंतील ओळीचा क्रमांक द्विमान पद्धतीनें पंधरा अंकांत लिहितां येतो; ४ गिगाबिटच्या चिपेस सोळावा अंक लागतो. जी-४१ला तो सोळावा अंक उच्चारतांच येत नाहीं. टपालवाल्यानें पत्त्यांतील एक अंक वाचलाच नाहीं, तर दोन घरांचीं पत्रें एकाच दारांत पडावयाचीं. तसाच प्रकार येथें होतो. पूर्वीच्या ४ जीबीच्या पट्टीवर २ गिगाबिटच्या सोळा चिपा, दोन्ही बाजूंस आठ-आठ, असत. नव्या पट्टीवर ४ गिगाबिटच्या आठच चिपा पुरतात. म्हणून जी-४१साठीं ४ जीबीची पट्टी घेतांना दोन्ही बाजूंच्या मिळून सोळा चिपा मोजून घ्याव्या. अशा पट्टीच्या लेबलावर बहुधा ‘२आर×८’ अशी खूण असते, तर आठ चिपांच्या पट्टीवर ‘१आर×८’. दुकानांत ‘डीडीआर-३, ४ जीबी’ एवढेंच सांगणें पुरेसें नाहीं, तें याचसाठीं.

चिपांची संख्या योग्य असूनहि यंत्र उठलें नाहीं, तर तपासणी क्रमानें करावी. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलणारास यश आलें तरी कारण कळत नाहीं. यंत्राची तार भिंतींतून काढून चालू करण्याची कळ क्षणभर दाबून धरावी, म्हणजे उरलेली वीज निघून जाते. पेटीच्या उघड्या लोखंडास हात लावून अंगावरील स्थिर विद्युत् उतरवावी. नंतर जुनी पट्टी एकटीच बसवावी. यंत्र चाललें, म्हणजे बोर्ड शाबूत आहे. मग तिच्या जागीं नवी एकटीच. मग तीच दुसऱ्या स्लॉटमध्यें. दोन्ही कडांचे खटके आपोआप बसेपर्यंत पट्टी सारखी दाबावी. अर्धवट बसलेली पट्टी हें तक्रारीचें फार सामान्य कारण आहे. दमट हवेंत सोनेरी टोंकें मळतात. तीं पेन्सिलच्या मऊ रबरानें हलकेंच पुसून भुगा झाडून टाकावा. सुरू होतांना यंत्र लांब सूर काढीत राहिलें, तर बहुधा तें मेमरीचेंच गाऱ्हाणें असतें. मात्र सुरांचे संकेत बोर्डागणिक बदलतात.

पट्टी ओळखली गेली, पण ४ जीबी असूनहि ३ किंवा साडेतीनच वापरतां येते, ही निराळी तक्रार आहे. तेथें दोष बत्तीस-बिट कार्यप्रणालीचा. तिला ४,२९,४९,६७,२९६ इतकेच पत्ते ठाऊक असतात व त्यांतील कांहीं पडद्यासारख्या इतर भागांना द्यावे लागतात. चौसष्ट-बिट प्रणाली घातल्यास अडचण दूर होते. परंतु ती नव्यानें घालावी लागते, सबब आधीं सर्व फायलींची प्रत काढून ठेवावी.

प्रत काढण्याचें आणखी एक कारण आहे, आणि तें अधिक गंभीर आहे. सदोष पट्टी यंत्र बंद पाडील तर बरें. तिचा खरा धोका ती चालते तेव्हां असतो. एखादा बिट उलटतो, कोणास कळत नाहीं, आणि बिघडलेलें छायाचित्र किंवा चुकलेला हिशेब तसाच डिस्कवर लिहिला जातो. मागाहून काढलेली प्रतहि तीच चूक घेऊन निघते. म्हणून नवी पट्टी बसविल्यावर मेमटेस्ट-८६-प्लस हा मोफत प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवावा. सकाळीं एक जरी चूक दिसली, तरी त्या स्थितींत काम करूं नये. पट्ट्या एकेक करून पुन्हां तपासाव्या.

आठ चिपांची पट्टी जी-४१मध्यें चालली नाहीं म्हणून टाकून देऊं नये. २०११ पासूनच्या इंटेलच्या दुसऱ्या पिढीच्या डेस्कटॉपांत ती बहुधा बिनतक्रार चालते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत जुन्या पट्ट्यांची खरेदी-विक्री होते. तेथें ती देऊन सोळा चिपांची मागावी, व घेण्यापूर्वीं शक्य तर आपल्याच यंत्रांत लावून पाहावी.